शके पंधराशे ऐंशीची भट्टी

त्या पत्राला मी चौदा महिने उत्तर दिले नाही. कारण आळस असते तर सांगायला सोपे गेले असते.

पत्र जोडकार्डावर होते. उत्तराचे अर्धे कार्डही पाठवणाऱ्यानेच विकत घेऊन, त्यावर आपला पत्ता घालून धाडले होते. मी चार ओळी लिहून ते अर्धे फाडून पेटीत टाकायचे, एवढेच काम माझ्यासाठी शिल्लक ठेवले होते. मजकूर असा होता :

‘रा. रा. पत्तीवार गुरुजी, वणी, यांस गुलाबसिंग देवसिंग, राहणार राजूरजवळील तांडा, याचा रामराम. चुन्याची मोठी भट्टी माझ्या बापाने बांधली. तुमच्या लेखामुळे ती शके १५८० ची झाली आणि बंद पडली. तरी ती माझ्या बापाने बांधली असे आपल्या हाताने लिहून द्यावे म्हणजे मी ती पेटवीन. उत्तर जरूर.’

ते कार्ड मी वाचत असलेल्या पुस्तकात खूण म्हणून ठेवले आणि मुदत संपल्यावर पुस्तक वाचनालयाला परत केले. कार्ड त्यातच गेले. पुस्तक अडीचशे पानांचे होते आणि खूण एकशे दहाव्या पानावर होती, म्हणजे पुस्तकही मी पुरे केले नव्हते.

लेखाचे असे झाले. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी भर दुपारी फिरायला जाऊ लागलो. लोकांना वाटे, प्रकृतीसाठी जातो. खरे म्हणजे त्या वेळी वाटेत कोणी भेटत नाही. राजूरच्या अलीकडे फाट्यावर मोटारीतून उतरायचे, नाल्याच्या काठाने चुनखडीच्या खदानीवरून तीन जुन्या भट्ट्यांपाशी जायचे, तांडा डावीकडे ठेवून चढ चढायचा, माळावरच्या ख्रिस्ती प्रार्थनामंदिराला वळसा घालायचा आणि बोरीच्या रानातून पुन्हा फाट्यावर यायचे. अडीच कोसांचा फेरा होतो. जिथून निघालो तिथेच परत येतो, म्हणून मला तो आवडे.

भट्ट्या चुना भाजायच्या. दगडी बुरुजासारख्या, वरून उघड्या, खाली आग घालायचे तोंड. दोन ढासळलेल्या होत्या. तिसरी, मोठी, धड होती आणि तिच्या तोंडावर एक कोरीव दगड आडवा बसवलेला होता. त्यावर अर्धे कमळ आणि झिजलेली अक्षरे. मी चार दुपारी तिथे बसलो, अक्षरे उठून दिसावीत म्हणून दगडाला पीठ चोळले, आणि शके १५८० एवढे मला वाचता आले. तीनशे वर्षे! मी घरी येऊन ‘एक विस्मृत उद्योग’ असा लेख लिहिला. मूळ लेखात ‘बहुधा’ हा शब्द नऊ वेळा होता. यवतमाळच्या ज्या साप्ताहिकाने तो छापला, त्यांनी जागेअभावी नऊही काढले.

एरवी काही बिघडले नसते. पण पुढच्याच वर्षी नवे राज्य झाले आणि प्रत्येक गावाला आपापला इतिहास हवासा झाला. आमच्याकडेही एक समिती निघाली. तिला संरक्षण करण्याजोगे काही सापडत नव्हते, तेवढ्यात कोणीतरी माझा लेख काढला. उन्हाळ्यात भट्टीसमोर फलक लागला : ‘ऐतिहासिक चुनाभट्टी, शके १५८०. येथे आग लावण्यास सक्त मनाई आहे.’ मला शाल आणि नारळ मिळाला. बत्तीस वर्षे शिकवून मला नारळ मिळाला नव्हता.

मी उत्तर लिहायला बसलोच नाही असे नाही. पहिल्या मसुद्यात मी गुलाबसिंगांकडे पुरावा मागितला. दुसऱ्यात संपादकांना दोष दिला. तिसरा चांगला उतरला होता, पण त्यात भट्टी कोणाची हे सांगायचे राहून गेले. मग पोळा गेला, दिवाळी गेली, आणि उशिरा उत्तर देताना उशीर का झाला हेही लिहावे लागते, म्हणून आणखी उशीर झाला. त्या वाटेने फिरायला जाणेही मी बंद केले.

१९६१ च्या दसऱ्यानंतर समितीचे चिटणीस माझ्या घरी आले. ते वकील आहेत, उत्साही आहेत, आणि समोरच्याला बोलू न देता त्याचे म्हणणे मान्य करण्याची त्यांना हातोटी आहे.

“गुरुजी, तुमच्या फेऱ्याला आम्ही ‘ऐतिहासिक फेरी’ असं नाव दिलंय. रविवारी उद्घाटन. तुम्ही पुढे चालायचं, आम्ही मागे. नाही म्हणू नका.”

मी नाही म्हणालो नव्हतो. हो म्हणायलाही वेळ मिळाला नाही.

रविवारी आम्ही बावीस जण फाट्यावर उतरलो. बहुतेक शिक्षक होते. त्यांची हजेरी घेतली जाणार होती. झाडांवर चुन्याचे बाण काढले होते. चुना बाहेरून मागवला असे चिटणीस म्हणाले, कारण जवळपास कुठे मिळत नव्हता. का मिळत नव्हता, हे त्यांना किंवा मला कोणी विचारले नाही.

भट्टीपाशी खाकी टोपी घातलेला एक चाळिशीचा माणूस उभा होता. टोपीवर पितळी बिल्ला, नखांत कोळसा.

“हे आपले मानसेवी पहारेकरी,” चिटणीस म्हणाले. “इथलेच आहेत. गुलाबसिंग, सांगा पाहुण्यांना.”

मानसेवी म्हणजे बिनपगारी. गुलाबसिंग आठवडाभर राजूरच्या कोळशाच्या खाणीत उतरत आणि रविवारी आपल्या भट्टीला आग लागू नये म्हणून तिच्यावर पहारा देत. ज्यांच्या पत्राला मी चौदा महिने उत्तर दिले नव्हते, ते मला प्रथमच दिसत होते. त्यांनी मला रामराम केला आणि ताठ उभे राहून माझा लेख म्हणायला सुरुवात केली. अक्षरशः माझा लेख, स्वल्पविरामासह. “‘या निर्जन परिसरात, काळाच्या उदरात गडप झालेल्या एका उद्योगाची साक्ष देत ही भट्टी उभी आहे.’”

निर्जन परिसरात त्यांच्या मागे तांड्यातल्या दोन बाया डोक्यावर पाण्याच्या घागरी घेऊन उभ्या राहून ऐकत होत्या.

“छान!” एक शिक्षक म्हणाले. “पण ही बांधली कोणी?”

गुलाबसिंगांनी माझ्याकडे पाहिले. “गुरुजीनं बांधली जी.”

“कोणी?”

“या गुरुजीनं. दोन साल झाले. त्याच्या आधी माह्या बापानं बांधली होती, पन ते कच्ची निघाली.”

सगळे हसले. सर्वांत मोठ्याने चिटणीस हसले. “आमचा गुलाबसिंग मोठा गमत्या आहे हं.” घागरीवाल्या बाया मात्र हसल्या नाहीत. मी नाल्याकडे पाहत राहिलो.

मंडळी फलक वाचत होती, तेव्हा गुलाबसिंगांनी मला भट्टीच्या मागच्या बाजूला नेले. तिथे वरपासून खालपर्यंत बोटभर रुंद भेग गेली होती.

“मागच्या साली केसाएवढी होती,” ते म्हणाले. “चुन्याच्या भट्टीले आग नसली का ते पानी खाते. दोन पावसाळे झेलले तिनं. तिसरा नाई झेलत.” त्यांनी त्या दोन ढासळलेल्या भट्ट्या दाखवल्या. “त्या काकाच्या होत्या. काका वारले, पेटवनारं कोनी नव्हतं. तिसऱ्या पावसात दोन्ही बसल्या. तुमी लेखात लिवलं ना, ‘काळाच्या आघातानं भग्न’? त्या त्या.”

“आणि ही?”

“या दिवाळीले पेटली तर वाचली. नाई तर मंग मी जलमभर खाणीत, आन हे तुमची.” मग ते खालच्या आवाजात म्हणाले, “मी कार्ड टाकलं होतं जी तुमाले. उत्तर नाई आलं. म्हनलं, टपालात गहाळ झालं असन.”

त्यांनी माझ्यासाठी सबब तयार करून आणली होती. मी फक्त ती उचलायची होती.

“हो,” मी म्हणालो, “टपालाचं काही सांगता येत नाही.”

“तेच म्हनलं मी,” गुलाबसिंग म्हणाले, आणि टोपी सारखी करून पाहुण्यांकडे गेले.

प्रार्थनामंदिराशी आम्ही पोचलो तेव्हा ऊन चढले होते. चिंचेखाली पुरीभाजीची सोय केली होती. फाटकाशी समितीची पाटी : ‘ख्रिस्ती प्रार्थनामंदिर (अर्वाचीन)’. तिथली देखभाल भगवानराव म्हणून एक वयस्क गृहस्थ करतात. रविवारची उपासनाही तेच घेतात. जोडकार्डावरचे वळणदार अक्षर त्यांचे, हे त्यांनी हातातली वही उघडली तेव्हाच मी ओळखले.

“गुरुजी, एक विचारू का जी?” ते म्हणाले. “अर्वाचीन म्हंजे काय? मी तीन डाव वाचलं. मले वाटते शिवी असन.”

“नाही नाही, म्हणजे अलीकडचं.”

“मंग ‘अलीकडचं’ लिवाचं ना. आमी म्हनलं, आता काय गुन्हा केला.”

कौलारू छपराची ती एवढीशी इमारत. भिंती मळून पिवळट झाल्या होत्या. दर नाताळाला तिला देवसिंगांच्या भट्टीचा चुना लागे, भगवानराव सांगू लागले, आणि गेल्या नाताळाला तो मिळाला नव्हता. “गेल्या साली बाजारचा आनला. हात लागला का अंगरख्याले येते. प्रभूच्या जन्माले मानसं पाठीकडून पांढरी होऊन घरी गेली.”

चिंचेच्या बुंध्याशी एक म्हातारी बसली होती. जुन्या पद्धतीचा, काचा लावलेला घागरा, हातभर बांगड्या, आणि नजर माझ्यावर. गुलाबसिंगांनी पुऱ्यांची पत्रावळ तिच्यापुढे ठेवली.

“याडी, खाऊन घे.”

“हाच का तो?” तिने विचारले.

“याडी, गुरुजी आहेत ते.”

“गुरुजी आहेत ते दिसून राह्यलं. हाच का, ते विचारते मी.”

ती रुपीबाई, गुलाबसिंगांची आई. मी नमस्कार केला. तिने तो घेतला, पण सुटका केली नाही.

“तुमी चार दुपारी आमच्या भट्टीपाशी बसले होते. मी पाह्यलं. दगडाले पीठ चोळून राह्यले होते. मले वाटलं, नवस केला असन. लेकरू-गिकरू होत नसन.”

शिक्षकांपैकी कोणीतरी खाकरले.

“तुम्ही तिथे होतात?” मी विचारले.

“पन्नास पावलांवर होती. शेळ्या चारून राह्यली होती. विचारलं काहून नाई?”

“मला वाटलं… तुम्ही कामात असाल.”

“शेळ्या चारनं म्हंजे काय काम हाय जी? तोंड तर रिकामंच असते.” तिने पुरीचा तुकडा मोडला. “आगगाडी आली, बैलावरून माल न्यायचा आमचा धंदा गेला. मंग माह्या मालकानं चुना धरला. गोऱ्या पाद्रीले हे देऊळ बांधायचं होतं, चुना नव्हता. तवा भट्टी बांधली. मी नवी नवरी होती. झरीकडच्या रानात एक पडकी बावडी होती, तिचा दगड गाडीत घालून आनला. गाडी मी हाकली.”

“दगड आणला? कशासाठी?”

“आमच्या घरची रीत हाय. नव्या भट्टीच्या तोंडावर जुना दगड पाहिजे. नवी भट्टी अडानी असते, तिले आग धरता येत नाई. जुना दगड शिकवते तिले. काकाच्या भट्ट्यांवर बी होते, पडले तवा लोकांनी नेले.” मग माझा चेहरा पाहून, मंद मुलाला सांगावे तसे तिने सांगितले, “दही लावतात ना? दूध आजचं असते, विरजन कालचं. तुमी विरजन पाहून दुधाचं वय सांगतलं.”

पुरी माझ्या हातात तशीच राहिली. कमळ बावडीचे होते. शके १५८० बावडीचे. चार दुपारी मी पीठ चोळून दगड वाचला होता, आणि पन्नास पावलांवर बसलेली बाई तो कुठून आला हे सांगायला रिकामी होती.

“आत या जी,” भगवानराव म्हणाले. “पाहून घ्या.”

मी कधी आत गेलो नव्हतो. लेखासाठी आलो तेव्हा चपला काढायच्या की नाही हे ठाऊक नव्हते, आणि विचारायला कोणी भेटू नये अशाच वेळी आलो होतो, म्हणून खिडकीतून पाहून परत गेलो. चपला काढाव्या लागत नाहीत. आत वेदीच्या मागे, कमरेएवढ्या उंचीवर एक पाटीएवढा दगड भिंतीत बसवलेला आहे. त्यावर गवंडी, सुतार, वाळू आणणारे, अशी कामकऱ्यांची नावे आहेत. चौथी ओळ : ‘चुना : देवसिंग नायक, तांडा, यांच्या नव्या भट्टीचा. सन १९०८.’

चिटणीसही मागून आले होते. त्यांनी चष्मा वर करून ओळ दोनदा वाचली. मला वाटले, सुटलो. आता माझ्यावर काही यायचे नाही.

“वा,” ते म्हणाले. “हा तर आपल्याच बाजूचा पुरावा.”

“तो कसा?” भगवानरावांनी विचारले.

“इथं ‘नव्या भट्टीचा’ असं स्पष्ट आहे. आपली भट्टी जुनी आहे. म्हणजे देवसिंगची भट्टी कोणती तरी दुसरी. असेल कुठं, पडली असेल.”

“मालकीनबाई बाहेर बसल्या आहेत जी. विचारा ना.”

“तोंडी पुरावा आहे तो. आणि नात्यातला.” चिटणीस माझ्याकडे वळून हसले. “हं, आता गुरुजीच लिहून देत असतील की आमचं चुकलं, तर समिती फलक उद्या काढील. लेखी विरुद्ध लेखी. काय गुरुजी?”

दारात गुलाबसिंग उभे होते. त्यांनी टोपी काढून हातात घेतली होती. बाहेर रुपीबाईंच्या बांगड्यांचा आवाज थांबला. बत्तीस वर्षे मी मुलांना सांगत आलो होतो की, येत असेल ते उत्तर मोठ्याने द्यावे.

“मी… विचार करून लिहीन,” मी म्हणालो.

“अगदी योग्य,” चिटणीस म्हणाले, आणि सगळ्यांना भाषणासाठी चिंचेखाली बोलावले. भाषण माझेच होते. मी वीस मिनिटे इतिहासाच्या साधनांवर बोललो. टाळ्या बऱ्या पडल्या.

परतीची वाट बोरीच्या रानातून. चिटणीस माझ्याबरोबर चालत होते. समिती फेरीची पुस्तिका काढणार होती, तिच्यात माझा लेख पहिला, माझ्या छायाचित्रासह. “फोटो आहे ना तुमचा? शालीतला असेल तर उत्तम.” मग ते पुढच्या घोळक्यात गेले आणि त्यांच्या जागी गुलाबसिंग आले. त्यांच्या हातात डबा होता. फाट्यावरून ते परस्पर खाणीवर रात्रपाळीला जाणार होते.

“तुमाले मोटार, मले पाळी,” ते म्हणाले.

काहीतरी बोलायला हवे म्हणून मी विचारले, “खाणीत काम फार जड असेल?”

“जड भट्टीचं बी असते जी. पन भट्टीत खाली उभं राहून वर पाह्यलं का आभाळ दिसते. खाणीत वर पाह्यलं का डोक्याले लागते.” त्यांनी डबा दुसऱ्या हातात घेतला. “गुरुजी, तुमी लिवलं तर हातात देऊ नका. टपालानं धाडा. हातात देलं तर म्हनतीन, गुलाबसिंगानं म्हाताऱ्याले धरून लिवून घेतलं. शिक्का पाहिजे, तारीख पाहिजे. आमचं तोंडी कोनी घेत नाई.”

“आणि मी लिहिलं नाही तर?”

मी हे का विचारले, कोण जाणे. बहुधा त्यांनी शिवी द्यावी, म्हणजे मला रागावता येईल, असे असावे.

“नाई तर काय,” गुलाबसिंग म्हणाले. “पुढच्या रविवारी येऊन तुमचा लेख म्हनीन. पाठ झाला आहे.”

फाट्यावर त्यांनी बिल्ल्याची टोपी घडी करून डब्यात, भाकरीच्या फडक्यावर ठेवली आणि राजूरच्या दिशेने चालू लागले. आम्ही मोटारीची वाट पाहत थांबलो. हजेरीचा कागद फिरत फिरत माझ्याकडे आला. त्यावर पहिलेच नाव माझे होते. मी सही केली.

घरी पोचून मी दिवेलागणीआधी लिहायला बसलो. मसुदा केला नाही. मसुदा केला की तो सुधारावा लागतो.

‘श्री. गुलाबसिंग देवसिंग यांस सप्रेम नमस्कार. राजूरजवळील चुन्याची मोठी भट्टी आपले वडील देवसिंग नायक यांनी सन १९०८ मध्ये बांधली. तिच्या तोंडावरचा दगड जुना आहे, भट्टी नाही. हे मला आपल्या मातोश्रींनी सांगितले. लेख लिहिण्यापूर्वी मी त्यांना विचारले असते तर तेव्हाच सांगितले असते. मी विचारले नाही. आपले कार्ड टपालात गहाळ झाले नव्हते, ते मला मिळाले होते. हे पत्र समितीस दाखवावे. साप्ताहिकासही मी हेच कळवीत आहे. दिवाळीपूर्वी भट्टी पेटवावी. आपला, वा. रा. पत्तीवार.’

सकाळी पत्र घेऊन निघालो. चौकात पोचेपर्यंत ते तीनदा मनात वाचले आणि दोन शंका आल्या. ‘पेटवावी’ असे सांगण्याचा मला काय अधिकार? आणि ‘सन १९०८’ पुढे दगडाचा आधार द्यायला नको होता का? पेटीशी आलो तो पोस्टमन ती उघडून टपाल थैलीत भरत होता.

“टाकायचं हाय का, गुरुजी?”

“हो. म्हणजे, त्यात एक ओळ घालायची राहिली आहे.”

“मंग उद्या टाका. काय घाई हाय?”

कोजागिरी दुसऱ्या दिवशी होती. दिवाळीला पंधरा दिवस उरले होते.

“आज दिलं तर आजचा शिक्का बसेल ना?” मी विचारले.

“बसन ना जी.”

मी पत्र त्याच्या हातात दिले. त्याने पत्ता वाचला, ते थैलीत टाकले आणि पेटीला कुलूप लावले.